पावती नसलेला खर्च कुणाच्या हिशेबात?

दवाखान्यातून माणूस घरी आला की शेजारीपाजारी दोन प्रश्न हमखास विचारतात. पहिला, "आता बरं आहे का?" आणि दुसरा, "किती गेले?" पहिल्याचे उत्तर लगेच मिळते. दुसऱ्याचे उत्तर मात्र कुणाला विचारले यावर ठरते. पेशंट म्हणतो, "योजनेत झालं, काही लागलं नाही." मुलगा म्हणतो, "गेले असतील दहा-बारा हजार." सून काही बोलत नाही, कारण बचत गटाचे कर्ज तिच्या नावावर असते आणि खरा आकडा तिलाच ठाऊक असतो.

हाच प्रश्न सरकारही विचारते. सर्वेक्षण करणारे घरी येऊन विचारतात, योजनेचा संगणक विचारतो, अर्थखाते विचारते. मिळालेल्या उत्तरांवर योजनांचे दर, रुग्णालयांचे अनुदान आणि पुढच्या वर्षाची तरतूद ठरते. म्हणून उपचाराच्या खर्चाचा आकडा खरा असणे ही केवळ हिशेबनिसाची काळजी नाही. आकडा खोटा निघाला, तर त्याची भरपाई शेवटी आपल्याच घरातून होते.

एका ऑपरेशनचे चार आकडे

एक नमुना हिशेब मांडून पाहू. हा कुणा एका घराचा नाही, पण तासगाव तालुक्यातल्या कुठल्याही वस्तीत वाचून दाखवला तर माणसे मान डोलावतील.

समजा, मणेराजुरी किंवा सावळजच्या बाजूचे एक मजूर कुटुंब आहे. द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीचा हंगाम चालू आहे. घरातले म्हातारे सासरे पडले आणि मांडीचे हाड मोडले. जीप करून त्यांना शहरात नेले, भाडे १,५०० रुपये. भरती होण्याआधी एक्स-रे, रक्त-लघवीच्या तपासण्या झाल्या, २,८०० रुपये. त्यानंतर योजनेत नाव बसले आणि ऑपरेशन झाले. मधल्या काळात चिठ्ठी देऊन बाहेरून औषधे आणायला लावली, ३,६०० रुपये. "हे जमा करून ठेवा, नंतर बघू" म्हणून ५,००० रुपये घेतले, पावती नाही. नऊ दिवस सोबत राहणाऱ्यांचे जेवण आणि येणे-जाणे, २,७०० रुपये. सून आणि मुलगा दोघांचे काम बुडाले. तिची मजुरी दिवसाला ४०० आणि त्याची ६०० धरली, तर नऊ दिवसांचे ९,००० रुपये.

बेरीज होते २४,६०० रुपये.

आता हाच खर्च चार ठिकाणी कसा नोंदला जातो ते पाहा. योजनेच्या संगणकात, 'रुग्णाने दिलेली रक्कम' शून्य. पिशवीत जपून ठेवलेल्या पावत्यांत २,८०० रुपये, कारण फक्त तपासणीचीच पावती मिळाली. 'औषधोपचाराचा खर्च किती?' एवढेच विचारले, तर तपासणी, औषधे आणि जमा केलेले पैसे मिळून ११,४००. आणि घराच्या दृष्टीने २४,६००, शिवाय त्यावर चढणारे व्याज वेगळे.

ऑपरेशन एक आणि आकडे चार. यातला कोणता आकडा मुंबई-दिल्लीपर्यंत पोहोचतो, यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते. योजनेच्या कागदावर शून्य असेल, तर योजना पूर्ण यशस्वी ठरते. बिनपावतीच्या ८,६०० रुपयांची चौकशी मग कुणी कशाला करील?

खर्च, दर आणि किंमत

बोलताना आपण 'खर्च' हा एकच शब्द वापरतो. त्यात तीन वेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. रुग्णालयाला ऑपरेशन करायला प्रत्यक्ष किती पैसे लागले, हा एक. रुग्णालयाने बिलात किती लावले, हा दुसरा. आणि कुणी किती भरले, हा तिसरा. आजारी माणसाच्या हातात फक्त दुसरा आणि तिसरा येतो. पहिला आकडा बहुतेक वेळा रुग्णालयालाही नीट माहीत नसतो.

सरकारी रुग्णालयाचेच घ्या. तिथला सर्जन सकाळी ओ.पी.डी. पाहतो, दुपारी ऑपरेशन करतो, मध्येच शवविच्छेदनाला किंवा कोर्टात साक्षीला जातो. त्याचा पगार एका खात्यातून, औषधे दुसऱ्या खात्यातून, इमारत तिसऱ्या खात्यातून. मिरजेसारख्या ठिकाणी वैद्यकीय महाविद्यालय असेल, तर तेच डॉक्टर विद्यार्थ्यांना शिकवतातही. मग एका ऑपरेशनच्या वाट्याला किती पगार, किती वीज, किती ऑक्सिजन धरायचा? हे शास्त्रीय पद्धतीने मोजता येते. चंदीगडच्या पी.जी.आय. संस्थेच्या नेतृत्वाखाली देशातल्या अनेक राज्यांच्या सरकारी आणि खासगी रुग्णालयांत असा अभ्यास झाला आणि आयुष्मान भारत योजनेचे दर सुधारताना त्याचा आधार घेतला गेला. पण असे अभ्यास थोडे आहेत, आणि आपली खातेवही उघडून दाखवायला खासगी रुग्णालये सहसा राजी नसतात.

बिलातला दर आणि खरी किंमत यांत किती अंतर असू शकते, हे हृदयाच्या स्टेंटवरून देशाला कळले. फेब्रुवारी २०१७ मध्ये राष्ट्रीय औषध दर नियंत्रण प्राधिकरणाने स्टेंटच्या कमाल किमती ठरवल्या. साध्या धातूच्या स्टेंटला ७,२६० रुपये आणि औषध लावलेल्या स्टेंटला २९,६०० रुपये. त्याआधी औषध लावलेल्या स्टेंटसाठी रुग्णांकडून लाखाच्या वर पैसे घेतले जात होते. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या कृत्रिम सांध्याच्या किमतीवरही मर्यादा आली. पुढे २०१८ मध्ये याच प्राधिकरणाने दिल्ली परिसरातल्या काही मोठ्या खासगी रुग्णालयांची बिले तपासली. औषधे, सुया, नळ्या अशा वस्तूंवरचा नफा काही ठिकाणी १,७३७ टक्क्यांपर्यंत गेलेला आढळला. वस्तूवर छापलेली किंमत कायदेशीर होती आणि बिलही नियमात होते. तरी त्या बिलावरून 'उपचाराला खरोखर किती लागते' हे कुणाला कळले नसते.

चुकीच्या आकड्याचा फटका दोन्ही बाजूंनी बसतो. पॅकेजचा दर खऱ्या खर्चापेक्षा फार कमी ठरला, तर रुग्णालय रुग्ण नाकारते, नाहीतर वरचे पैसे घरच्यांकडून काढते. फार जास्त ठरला, तर लोकांच्या करातला पैसा वाया जातो आणि नको ती ऑपरेशन्स वाढतात. दर रास्त ठरायचा असेल, तर त्याच्या मागचा आकडा खरा हवा.

योजनेचा संगणक काय सांगतो?

महाराष्ट्रात जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. पुढे ती राज्यभर गेली आणि २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले. केंद्राची आयुष्मान भारत योजना सप्टेंबर २०१८ मध्ये आली आणि नंतर दोन्ही एकत्र राबवल्या जाऊ लागल्या. आता कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण आहे. या योजनेने अनेकांचे प्राण वाचवले आहेत आणि अनेक घरे सावकाराच्या दारात जाण्यापासून वाचली आहेत. म्हणूनच तिच्या नोंदी चोख असल्या पाहिजेत.

भारताचे नियंत्रक व महालेखापरीक्षक म्हणजे कॅग. त्यांचा आयुष्मान भारत योजनेवरचा अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडला गेला. त्यात दिसले की ७,४९,८२० लाभार्थी एकाच मोबाइल क्रमांकाशी जोडलेले होते आणि तो क्रमांक म्हणजे दहा वेळा नऊ. आधीच मृत म्हणून नोंद झालेल्या ३,४४६ रुग्णांच्या उपचारापोटी ६.९७ कोटी रुपये दिल्याचेही आढळले. मोबाइल क्रमांकावरून पात्रता ठरत नाही, असा खुलासा केंद्र सरकारने केला. तो मान्य करू. पण ऑपरेशननंतर रुग्णाला फोन करून "तुमच्याकडून पैसे घेतले का?" हे विचारायचे असेल, तर क्रमांक खरा लागतो. दहा वेळा नऊ दाबून कोण उत्तर देणार? नोंदणीच्या वेळी टाकलेला एक खोटा आकडा घरच्या माणसांची साक्षच पुसून टाकतो.

इथे बाबासाहेबांची आठवण होणे स्वाभाविक आहे. सरकारी पैशाचा हिशेब हा त्यांच्या अभ्यासाचा मूळ विषय. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेवरचा त्यांचा ग्रंथ १९२५ मध्ये प्रसिद्ध झाला. मे १९४९ मध्ये संविधान सभेत महालेखापरीक्षकाच्या पदावर चर्चा झाली, तेव्हा हा अधिकारी बहुधा संविधानातला सर्वांत महत्त्वाचा अधिकारी आहे, असे मत त्यांनी मांडले. संसदेने मंजूर केलेला पैसा ठरल्याप्रमाणे खर्च होतो की नाही, हे पाहणारा स्वतंत्र डोळा त्यांना हवा होता. आरोग्य योजनेतले बनावट क्रमांक पकडले गेले, ते या पदामुळेच.

घरोघरचे सर्वेक्षण आणि न दिसणारी माणसे

लोक स्वतःच्या खिशातून किती खर्च करतात, हे कळण्याचे मुख्य साधन म्हणजे राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण. जुलै २०१७ ते जून २०१८ या काळात झालेल्या ७५व्या फेरीत देशभरातल्या सुमारे १ लाख १४ हजार घरांना प्रश्न विचारले गेले. बाळंतपण सोडून रुग्णालयात एकदा भरती होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात ४,४५२ रुपये आणि खासगीत ३१,८४५ रुपये निघाला. खासगीत सातपट खर्च. या सर्वेक्षणामुळेच ही तफावत आकड्यांत मांडता आली.

पण त्याच्याही मर्यादा आहेत. भरती होण्याच्या खर्चासाठी मागच्या ३६५ दिवसांचे आठवून सांगायचे असते. दहा महिन्यांपूर्वी औषधाच्या दुकानात किती दिले, हे कुणाच्या लक्षात राहते? उत्तर बहुधा घरातला कर्ता पुरुष देतो आणि खर्च भागवणारी बाई आत चुलीपाशी असते. वरच्या सरासरीत गाडीभाडे, सोबत्याचे जेवण आणि बुडालेली मजुरी धरलेली नाही. एवढ्या घरांतून देशाचे आणि राज्याचे चित्र उभे राहते. तासगावसारख्या एका तालुक्याचे, त्यातही एका वस्तीचे चित्र त्यात वेगळे दिसत नाही.

सर्वांत मोठी गफलत आणखी वेगळी आहे. जो माणूस पैसे नाहीत म्हणून दवाखान्यात गेलाच नाही, त्याचा खर्च शून्य लागतो. मोतीबिंदू अंगावर काढणारी आजी, डायलिसिस आठवड्यातून दोनदा ऐवजी एकदाच करणारा दादा, छातीत दुखते तरी छाटणी संपू दे म्हणणारी ताई, हे सगळे खर्चाच्या तक्त्यात स्वस्तात निभावलेले दिसतात. गरिबाचा खर्च कमी दिसला म्हणून आनंद मानण्याआधी त्याला उपचार मिळाले का, हे विचारले पाहिजे.

देशाच्या आरोग्य खर्चाचा ताळेबंद 'राष्ट्रीय आरोग्य लेखे' या नावाने निघतो. त्यानुसार एकूण आरोग्य खर्चात लोकांच्या खिशातल्या पैशाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता आणि २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला. ही घट मोठी आहे. पण मधली एक पायरी पाहा. २०१६-१७ मध्ये ५८.७ टक्के आणि लगेच २०१७-१८ मध्ये ४८.८ टक्के. एका वर्षात जवळपास दहा टक्क्यांची उडी. याच टप्प्यावर हिशेबाचा आधार २०१४ च्या जुन्या सर्वेक्षणावरून ७५व्या फेरीवर गेला. आणि नंतरच्या कोरोना काळातल्या वर्षांसाठीही खिशातल्या खर्चाचा अंदाज २०१७-१८ च्याच सर्वेक्षणावरून पुढे वाढवून काढला गेला. सरकारी खर्च वाढला, हे खरे. पण ज्या वर्षी लोकांनी दागिने मोडून ऑक्सिजन बेड मिळवले, त्या वर्षीच्या घरखर्चाचा अंदाज कोरोना येण्याआधीच्या सर्वेक्षणावरून काढला गेला, हेही तितकेच खरे.

कोरोनाने शिकवलेला धडा

कोरोनाच्या काळात महाराष्ट्र सरकारने मे २०२० मध्ये खासगी रुग्णालयांतल्या ८० टक्के खाटांचे दर बांधून दिले. साध्या वॉर्डला दिवसाला ४,००० रुपये, व्हेंटिलेटरशिवाय आय.सी.यू.ला ७,५०० आणि व्हेंटिलेटरसह ९,०००. जून २०२१ मध्ये गावा-शहरांचे तीन गट पाडले. तिसऱ्या गटातल्या लहान शहरांसाठी आणि ग्रामीण भागासाठी हेच दर २,४००, ४,५०० आणि ५,४०० रुपये झाले. बिले तपासायला लेखापरीक्षक नेमले. ज्यांच्याकडे तपशीलवार बिले होती, त्यांना दाद मागता आली आणि राज्यात अनेक ठिकाणी जादा घेतलेले पैसे परत करावे लागले. ज्यांनी रोख दिले आणि कच्च्या चिठ्ठीवर समाधान मानले, त्यांच्याकडे दाखवायला काहीच नव्हते. नवरा गेला, पैसे गेले आणि पुरावाही गेला, अशा कितीतरी भगिनी आपण पाहिल्या.

श्रीमंत देशांतही हा प्रश्न सुटलेला नाही. अमेरिकेत १ जानेवारी २०२१ पासून रुग्णालयांना आपले दर जाहीर करणे बंधनकारक झाले, कारण तिथेही एकाच ऑपरेशनचे दर रुग्णालयागणिक आणि विमा कंपनीगणिक वेगवेगळे होते. आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारला खासगी रुग्णालयांच्या प्रमाण दरांबाबत खडसावले. दर ठरवायचे, तर पुन्हा तोच प्रश्न येतो. कोणत्या आकड्यांवरून?

आपल्या हातात काय आहे?

वाचकहो, मोठी व्यवस्था बदलायला वेळ लागेल. पण आकडा जिथे जन्म घेतो ती जागा आपल्या हाताशी आहे. म्हणून पुढील गोष्टी लक्षात ठेवा.

१. महाराष्ट्रातील खासगी रुग्णालयांसाठीचे नियम जानेवारी २०२१ मध्ये सुधारले गेले. त्यानुसार रुग्णहक्कांची सनद आणि ठरावीक पंधरा सेवांचे दर दर्शनी भागात लावणे बंधनकारक आहे. भरती करताना आधी तो फलक शोधा, वाचा आणि मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

२. बिल तपशीलवार मागा. 'औषधे व इतर' अशी एकच ओळ पुरेशी नाही. जमा केलेल्या प्रत्येक रुपयाची छापील पावती घ्या. रोख न देता शक्य तिथे मोबाइलवरून पैसे भरा, म्हणजे नोंद आपोआप राहते.

३. उपचाराची कागदपत्रे मागितल्यापासून ७२ तासांच्या आत देणे, हे डॉक्टरांच्या व्यावसायिक आचारसंहितेत आहे. अर्ज लेखी करा आणि पोहोच घ्या.

४. योजनेत भरती झालात, तर तपासण्या, औषधे, रुग्णाचे जेवण आणि घरी परतण्याचे एस.टी.चे भाडे पॅकेजमध्येच येते. घरी सोडल्यानंतरच्या दहा दिवसांपर्यंतची औषधे आणि तपासणीही त्यात आहे. वरचे पैसे मागितले, तर आधी आरोग्यमित्राला सांगा आणि मग १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या क्रमांकावर तक्रार करा. नोंदणीच्या वेळी स्वतःचा किंवा घरातल्या जवळच्या माणसाचा खरा मोबाइल क्रमांक लिहिला गेला की नाही, ते डोळ्यांनी पाहा.

५. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून उपचार आणि तपासण्या मोफत आहेत. तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात केसपेपरलाही पैसे लागत नाहीत. मिरज आणि सांगलीची मोठी सरकारी रुग्णालये मात्र वैद्यकीय शिक्षण विभागाकडे आहेत आणि हा निर्णय त्या विभागाचा नव्हता. तिथे शुल्क भरावे लागले, तर पावती घ्या. कुठेही बाहेरची औषधे लिहून दिली, तर ती चिठ्ठी आणि दुकानाचे बिल एकत्र टाचून ठेवा. मोफत रुग्णालयातला खरा खर्च त्या चिठ्ठीतच सापडतो.

६. सर्वेक्षणाला कुणी आले, तर घाईने "काही नाही" म्हणू नका. ज्या बाईने खर्च भागवला, तिला पुढे बोलवा. गाडीभाडे, जेवण, कर्ज, व्याज सगळे सांगा. उपचार अर्धवट सोडले असतील, तर तेही सांगा.

आणि एक काम एकट्याने होणारे नाही, ते वस्तीने मिळून करायचे आहे. विहारात वर्गणीची वही असते, जयंतीच्या जमाखर्चाची वही असते. त्याच शिस्तीने दवाखान्याच्या खर्चाची एक वही ठेवता येईल. त्यात नाव लिहायची गरज नाही, आजाराची चारचौघांत चर्चा करण्याची तर मुळीच नाही. भरती किती दिवस, सरकारी की खासगी, योजनेत की बाहेर, पावती असलेला खर्च किती, बिनपावतीचा किती, मजुरी किती बुडाली, पैसे कुठून उभे केले. एवढे आठ-दहा रकाने पुरेत. हिशेब लिहायला बचत गटातल्या आपल्या भगिनींइतके तयार हात दुसरे नाहीत.

वर्षभराने त्या वहीत तीस-चाळीस घरांच्या नोंदी असतील. ग्रामसभेत, तहसीलमध्ये किंवा आमदारांसमोर "आमच्याकडून पैसे घेतात हो" असे सांगण्याऐवजी, "योजनेतल्या इतक्या ऑपरेशन्सपैकी इतक्यांत वरचे पैसे घेतले, ते इतके होते आणि त्यातले इतके बिनपावतीचे" असे सांगता येईल. तोंडी तक्रार झटकून टाकता येते. बेरीज केलेली वही समोर ठेवली, की समोरच्यालाही वही उघडावी लागते.

पुढच्या वेळी शेजारी "किती गेले?" असे विचारतील, तेव्हा सुनेने गप्प बसू नये. तिने वही काढावी आणि २४,६०० हा आकडा मोठ्याने वाचून दाखवावा.